एका जनुकाचा मधुमेह

मधुमेह हा रोग कोणास समजावून सांगावा लागेल अशी स्थिति आतां राहिली नाहीं. ज्या घरांत तो शिरलेला नाहीं असें घर आपल्या गांवांत शोधूं गेल्यास बरीच पायपीट करावी लागेल. परंतु रोग परिचयाचा झाला म्हणजे त्याविषयींचें ज्ञानही तितकेंच वाढतें असें नाहीं. उलट परिचयामुळें कित्येक चुकीच्या कल्पना अधिकच घट्ट बसतात. फार गोड खाल्ल्यानें मधुमेह होतो, ही अशीच एक कल्पना. मधल्या सुटींत इन्सुलिनची सुई टोंचून घेणाऱ्या एका मुलीला तिच्याच मैत्रिणी "तूं लहानपणीं फार लाडू खाल्लेस वाटतें?" असें विचारीत असतांना मीं ऐकलें आहे. प्रश्नांत दुष्टपणा नव्हता, केवळ अज्ञान होतें. पण त्यानें त्या मुलीची मान खालीं गेली ती गेलीच. ह्या लेखांत मधुमेहाच्या अशा एका विरळा प्रकाराची माहिती देण्याचें योजिलें आहे, कीं ज्यांत लाडवांचा तर नाहींच, पण रोग्याच्या कोणत्याही वर्तनाचा मूळ कारणाशीं संबंध नसतो.

वैद्यकांत मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन मानितात. पहिल्या प्रकारांत शरीराचें संरक्षण करणारी यंत्रणाच भ्रमिष्ट होऊन आपल्या स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करिते. हा बहुधा लहान वयांत होतो आणि त्यांत इन्सुलिन बाहेरून टोंचल्यावांचून गति नसते. दुसऱ्या प्रकारांत इन्सुलिन असतें, पण शरीर त्यास नीट दाद देत नाहीं व हळूहळू तें अपुरें पडूं लागतें. आपल्याकडे घरोघरीं दिसणारा तो हाच. ह्या दोहोंतही आनुवंशिकतेचा हात असतोच, परंतु तेथें अनेक जनुकांचा थोडा थोडा वांटा असतो, आणि आहार, वजन, श्रम, वय इत्यादि गोष्टी त्यांत येऊन मिळतात. आपला विषय ह्यांहून निराळा आहे. येथें एकाच जनुकांत एक बिघाड असतो आणि तेवढा एकच बिघाड मधुमेह उत्पन्न करण्यास पुरेसा होतो. युरोपांतील पाहण्यांवरून मधुमेह्यांपैकीं शेंकडा सुमारें एक ते दोन जण ह्या वर्गांत मोडतात असें मानितात. प्रमाण अल्प खरें. पण मधुमेह्यांची एकूण संख्या लक्षांत घेतां हा अल्प अंशही लहान राहत नाहीं.

मधुमेह जन्मतःच येऊं शकतो हा विचार आपल्या देशास नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन भेद सांगितले असून, सहज प्रमेह हा मातापित्यांच्या बीजदोषानें होतो असें म्हटलें आहे. ह्यावरून प्राचीनांस आजचें जनुकशास्त्र ठाऊक होतें असें अनुमान काढणें हा केवळ अभिमानाचा अतिरेक होईल. परंतु रोग्यांकडे त्यांनीं किती बारकाईनें पाहिलें होतें, हें मात्र त्यावरून निश्चित दिसतें.

आतां थोडें शरीरशास्त्र. तें समजल्याखेरीज पुढील भागाची गोडी लागणार नाहीं, म्हणून वाचकांनीं हा परिच्छेद सावकाश वाचावा. जठराच्या मागें आडवें पसरलेलें जें स्वादुपिंड, त्यांत पेशींचीं लहान लहान बेटें विखुरलेलीं आहेत. १८६९ सालीं बर्लिन येथें पाउल लांगरहान्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें तीं प्रथम पाहून त्यांचें वर्णन केलें. ह्या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करितात. पण तें सोडावयाचें केव्हां व किती, हें त्यांस कसें कळतें? जेवणानंतर रक्तांतील साखर वाढली म्हणजे ती बीटा पेशींतही शिरते. तेथें ग्लुकोकायनेज नांवाचें एक पाचक द्रव्य तिच्यावर पहिला संस्कार करितें व मग ती साखर पेशींत जळूं लागते. साखर जितकी अधिक जळेल तितका पेशींतील शक्तीचा सांठा अधिक. पेशीच्या आवरणांत पोटॅशियमला बाहेर जाण्यासाठीं बारीक दारें असतात. हा शक्तीचा सांठा वाढला कीं तीं दारें मिटतात. पोटॅशियम आंत कोंडला गेला म्हणजे आवरणावरील विद्युद्भार बदलतो, त्यायोगें कॅल्शियमचीं दुसरीं दारें उघडतात, आणि कॅल्शियम आंत येतांच इन्सुलिनचे भरून ठेवलेले बुडबुडे रक्तांत रिते होतात. घड्याळांतील एका चाकानें दुसरें चाक फिरावें तशी ही मालिका आहे. ह्यांतील कोणत्याही एका चाकाचा दांता मोडला तर काय होईल, हाच आपल्या लेखाचा विषय.

हीं सर्व चाकें म्हणजे प्रथिनें होत, आणि प्रत्येक प्रथिन कसें बांधावें ह्याचा लेख ज्यांत असतो त्यास जनुक म्हणतात. हा लेख चारच अक्षरांत लिहिलेला असतो. बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांजवळ असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. ब्रुन येथील मठांत वाटाण्यांची लागवड करणारे धर्मगुरु ग्रेगोर मेंडेल ह्यांनीं १८६५ सालीं जे नियम मांडले ते विद्यार्थी नवव्या-दहाव्या इयत्तेंत शिकतातच. कित्येक दोष असे असतात कीं दोनही प्रती बिघडल्याखेरीज ते प्रगट होत नाहींत. पण ह्या मधुमेहाच्या बहुतेक जातींत एकच प्रत बिघडलेली असली तरी रोग होतो. म्हणजे दोष प्रभावी आहे. त्याचा परिणाम असा, कीं आईबापांपैकीं एकास हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. येथें विद्यार्थी हटकून एक चूक करितात. चार मुलें असलीं तर दोघांस रोग होईल व दोघांस होणार नाहीं, असें ते धरून चालतात. रुपया उडविला असतां छाप येईल कीं कांटा येईल हें मागच्या वेळीं काय आलें त्यावर अवलंबून नसतें. प्रत्येक मूल हा नवा रुपया आहे. चारही मुलांस दोष येऊं शकतो, आणि एकासही न येऊं शकेल.

अशीं घराणीं वैद्यांच्या नजरेस पूर्वींही येत असत, पण त्यांचा निराळा वर्ग करावा असें स्पष्टपणें दाखवून दिलें तें रॉबर्ट टॅटर्सल ह्या इंग्रज वैद्यानें, १९७४ सालीं. लंडन येथील त्याच्या पाहण्यांत अशीं तीन घराणीं आलीं, कीं त्यांतील माणसांस तरुणपणीं मधुमेह झाला होता, आणि तरीही कित्येक वर्षें लोटलीं तरी त्यांस इन्सुलिनची गरज पडली नव्हती. तरुणांचा मधुमेह म्हणजे इन्सुलिनवांचून मृत्यु, हा त्या काळचा पाठ ह्या लोकांनीं खोटा पाडला होता. पुढच्याच वर्षीं टॅटर्सल व अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे स्टीफन फाजान्स ह्यांनीं मिळून ह्या प्रकारावर निबंध लिहिला. तरुणपणीं सुरू होणारा प्रौढांच्या धर्तीचा मधुमेह, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन त्यास 'मोडी' हें नांव रूढ झालें. आपल्या जुन्या दप्तरांतील मोडी लिपीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पण मोडी कागद वाचणारा भेटेपर्यंत तो कागद जसा मुका असतो, तशीच ह्या घराण्यांची गत पुष्कळ वर्षें होती हें खरें.

फाजान्स ह्यांची चिकाटी मला विशेष सांगण्यासारखी वाटते. पूर्व प्रशियांतून १८६१ सालीं डेट्रॉइट येथें येऊन राहिलेल्या एका कुटुंबाच्या वंशजांची तपासणी त्यांनीं १९५८ सालीं आरंभिली आणि ती दशकानुदशकें चालू ठेविली. पिढ्या वाढल्या, माणसांची संख्या शेंकड्यांवर गेली. १९९१ सालीं ह्या घराण्यांतील दोष विसाव्या गुणसूत्रावर आहे इतकें कळलें, आणि १९९६ सालीं तें नेमकें जनुक हातीं लागलें. त्यास एचएनएफ-४-आल्फा असें रुक्ष नांव आहे. तपास सुरू झाला तेव्हां जनुकें वाचण्याची कला अस्तित्वांतच नव्हती. तरीही वंशावळी नीट लिहून व रक्ताच्या कसोट्या जपून ठेवण्यांत आल्या, म्हणून अडतीस वर्षांनीं त्यांचें चीज झालें.

पहिलें जनुक मात्र ह्याच्या आधीं, १९९२ सालीं, फ्रान्समधील कांहीं घराण्यांच्या अभ्यासांतून सांपडलें होतें. तें म्हणजे वर सांगितलेल्या ग्लुकोकायनेजचें. ग्लुकोकायनेज हा बीटा पेशीचा साखर मोजण्याचा कांटाच होय. ज्या माणसांत ह्याची एक प्रत बिघडलेली असते त्यांचा कांटा थोडा वर सरकलेला असतो. निरोगी माणसाची उपाशीं पोटीं साखर शंभर मिलिग्रॅमच्या आंत असते. ह्यांची सुमारें १०० ते १४५ च्या दरम्यान राहते, आणि ती जन्मापासून म्हातारपणापर्यंत जवळजवळ तेथेंच राहते. त्यांचें स्वादुपिंड आळशी नसतें. साखर तेवढीच असावी असा त्याचा प्रामाणिक समज असतो. औषध दिलें तरी शरीर पुन्हां आपल्या ठरलेल्या जागीं येऊं पाहतें, म्हणून गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाहीं. आणि गरजही नसते. जवळजवळ पन्नास वर्षें अशी साखर अंगावर वागविलेल्या लोकांची तपासणी करून २०१४ सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यांत डोळे, मूत्रपिंडें व हृदय ह्यांस होणाऱ्या गंभीर विकारांचें प्रमाण ह्यांच्यांत अत्यंत थोडें आढळलें.

ह्या सौम्य दोषाला एक अपवाद आहे, तो गरोदरपणाचा. आणि तो इतका विलक्षण आहे कीं थोडें थांबून पाहण्यासारखा आहे. आईस हा दोष आहे असें समजूं. तिच्या उदरांतील बालकानें तोच दोष घेतला असेल, तर आईची वाढलेली साखर त्यालाही योग्यच वाटते आणि त्याची वाढ बेताची होते. पण बालकास निर्दोष प्रत मिळाली असेल, तर आईची तीच साखर त्यास अधिक वाटून तें अधिक इन्सुलिन करितें व वजनानें प्रमाणाबाहेर वाढतें. म्हणजे येथें निरोगी बालकासच आईच्या दोषाचा त्रास होतो! त्यामुळें आईस औषध द्यावें कीं नाहीं, हें ठरवितांना बालकाची वाढ पाहावी लागते.

मोडीचा दुसरा मोठा वर्ग एचएनएफ-१-आल्फा ह्या जनुकाचा. हेंही १९९६ सालींच सांपडलें. हें जनुक स्वतः चाक नव्हे. इतर पुष्कळ चाकें घडविण्याचे हुकूम देणारा तो मुकादम आहे. मुकादम अर्धाच उरला म्हणजे काम लगेच थांबत नाहीं, पण वर्षानुवर्षें घटत जातें. म्हणून ह्या घराण्यांतील मुलें जन्मतः धडधाकट असतात, आणि बहुधा पंधरा ते तीस ह्या वयांत त्यांची साखर चढूं लागते. येथें दुर्लक्ष करून चालत नाहीं. उपचार न झाल्यास डोळे व मूत्रपिंडें इतर मधुमेह्यांप्रमाणेंच निकामी होतात. ह्यांची एक खूण अशी, कीं रक्तांतील साखर फारशी वाढण्यापूर्वींच ती मूत्रांत उतरूं लागते. पण खरी महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. सल्फोनिल्युरिया जातीच्या जुन्या व स्वस्त गोळ्या ह्या रोग्यांस फार मानवतात. २००३ सालीं इंग्लंडांत झालेल्या एका चांचणींत ग्लिक्लाझाइड ह्या गोळीनें ह्यांची साखर मेटफॉर्मिनच्या मानानें पांचपटीहूनही अधिक उतरली. असे रोगी पहिल्या प्रकारचे समजून इन्सुलिनवर ठेविलेले असतात, आणि गोळीवर त्यांचें भागण्यासारखें असतें.

आतां अर्भकांकडे वळूं. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मधुमेह होणें हा फार दुर्मिळ प्रकार आहे. लाखभर जन्मांमागें सुमारें एक. पूर्वीं अशा बाळांस पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला असें समजून जन्मभर इन्सुलिन टोंचीत असत. मूठभर देहाच्या जीवास दिवसांतून अनेकदां सुई, आणि मात्रा किंचित् अधिक झाली तर साखर एकाएकीं उतरून झटके येण्याची धास्ती. त्या मातांनीं रात्री कशा काढल्या असतील ह्याची कल्पनाच केलेली बरी. २००४ सालीं इंग्लंडांतील एक्झीटर येथील अँड्र्यू हॅटर्सली, अ‍ॅना ग्लॉइन व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें, कीं ह्यांपैकीं पुष्कळ बाळांत केसीएनजे-११ नांवाच्या जनुकांत दोष असतो. हें जनुक म्हणजे मघां सांगितलेल्या पोटॅशियमच्या दाराचा लेख. त्या लेखावरून ३९० अमिनो आम्लांची एक सांखळी तयार होते; नेहमीं आढळणाऱ्या एका दोषांत २०१ व्या जागीं आर्जिनिनच्या ऐवजीं हिस्टिडिन येऊन बसतें. एवढ्याशा फरकानें दार मिटेनासें होतें. इन्सुलिन तयार असतें, सांठविलेलेंही असतें. पण तें बाहेर सोडण्याची आज्ञाच निघत नाहीं.

दार मिटत नाहीं असें कळल्यावर तें बाहेरून मिटविणारें कांहीं आहे काय, हा प्रश्न आपोआपच पुढें येतो. तें औषध वैद्यांच्या हातांत साठांहून अधिक वर्षें होतें. १९४२ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, फ्रान्समधील माँपेलिए येथें मार्सेल जाँबों हे विषमज्वराच्या रोग्यांना गंधकयुक्त असें एक नवें औषध देऊन पाहत होते. ज्वर राहिला बाजूला, कित्येक रोग्यांची रक्तांतली साखर धोक्याइतकी उतरली. त्यांचे सहकारी ओग्यूस्त लूबातिएर ह्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून, तें औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतें हें सिद्ध केलें. सल्फोनिल्युरिया गोळ्यांचा जन्म तो असा. त्या पोटॅशियमच्या दारास थेट धरून तें लोटून देतात, हें पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें केसीएनजे-११ चा दोष असलेल्या ४९ रोग्यांस ह्या गोळ्या देण्यांत आल्या. त्यांपैकीं ४४ जणांचें इन्सुलिन पूर्ण सुटलें. इतकेंच नव्हे, तर दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी जी रक्ताची कसोटी, ती त्यांच्यांत बारा आठवड्यांत ८·१ वरून ६·४ वर आली. म्हणजे सुई गेली आणि साखरही अधिक ताळ्यावर आली. ज्यांच्यांत ह्या दोषाबरोबर मेंदूची वाढही खुंटलेली असते, अशा कांहीं मुलांच्या हालचालींत व बोलण्यांतही थोडी सुधारणा दिसून आलेली आहे. परंतु ती सर्वांत येत नाहीं, व पूर्णही नसते.

सर्वच जातींना अशी किल्ली सांपडलेली नाहीं. इन्सुलिनच्या स्वतःच्या जनुकांत दोष असून तें वेडेंवांकडें घडत असेल, तर त्या बाळांस इन्सुलिनच टोंचावें लागतें. आणखी एक जात पेशींतील सूत्रकणिकांच्या दोषानें होते. तींत मधुमेहाबरोबर बहिरेपणाही येतो. सूत्रकणिका केवळ आईकडूनच येतात, त्यामुळें ही जात बापाकडून कधींच उतरत नाहीं. मेंडेलचा नियम येथें चालत नाहीं.

आपल्या देशांत ह्या विषयास एक अडचण आहे. युरोपांत पंचविशीच्या आंतील सडपातळ तरुणास मधुमेह झाला व इन्सुलिनवांचून तो बरा चालला, तर वैद्याच्या मनांत मोडीची शंका लगेच येते. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा मधुमेहही कोवळ्या वयांत व सडपातळ दिसणाऱ्या माणसांस होतो, आणि बापाला मधुमेह, आजीला मधुमेह ही तर नित्याची वंशावळ. त्यामुळें केवळ घराण्याचा इतिहास ऐकून निर्णय करितां येत नाहीं. पुण्याचें के. ई. एम्. रुग्णालय व एक्झीटर येथील संशोधक ह्यांनीं तरुण वयांतील मधुमेहाचे प्रकार आनुवंशिक खुणांवरून ओळखण्याविषयीं एकत्र काम केलें असून त्याचा निबंध २०२० सालीं प्रसिद्ध झाला. चेन्नई येथील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्यें डॉ. व्ही. मोहन व डॉ. राधा वेंकटेशन ह्यांनीं अर्भकांच्या व मोडीच्या जनुकांच्या तपासणीचें काम चालविलें आहे, आणि भारतांतील कित्येक बाळांचें इन्सुलिन सुटून त्यांस गोळ्या लागू पडल्या आहेत. सहा महिन्यांच्या आंत मधुमेह झालेल्या प्रत्येक बाळाची जनुकतपासणी करावी, हा आतां जगभर मान्य झालेला नियम आहे. मग तें बाळ आज वीस वर्षांचा तरुण झालेलें असलें तरी हरकत नाहीं.

पण अर्भकाचा रोग कळला कीं आपल्या समाजांत पहिलें बोट आईकडे वळतें. गरोदरपणीं तिनें काय खाल्लें, कोणतें पथ्य मोडलें, तिच्या माहेरीं काय होतें, अशी चौकशी सुरू होते. पुढें मुलगी मोठी झाली म्हणजे तिच्या रोगाचें नांव लग्नाच्या बोलण्यांत दडवून ठेवितात. ग्लुकोकायनेजचा सौम्य दोष असलेली मुलगीही तेवढ्या एका शब्दानें नाकारली जाते, जरी तिला औषधसुद्धां लागत नाहीं. ह्या लोकांस एवढें तरी सांगावें, कीं अर्भकांतील केसीएनजे-११ चा दोष पुष्कळदां आईकडूनही आलेला नसतो व बापाकडूनही आलेला नसतो. लेखाची नक्कल होतांना एक अक्षर चुकलें, आणि तें त्याच बाळाच्या वांट्यास आलें, इतकेंच.

म्हणूनच तपासणीच्या वेळीं बाळाच्या रक्ताबरोबर आईबाप दोघांचेंही थोडें रक्त मागतात. दोष नवा निघाला तर पुढच्या भावंडास तो होण्याचा संभव अगदीं थोडा; आईबापांपैकीं एकांत तो सांपडला तर निम्मा. उत्तर हातीं येईपर्यंत मात्र कोणीही आपल्या विचारानें इन्सुलिन थांबवूं नये. ह्या रोग्यांत तें एकाएकीं बंद झाल्यास दोन दिवसांतही प्राणावर बेतूं शकतें, आणि सुई सोडून गोळीवर येण्याचा बदल रुग्णालयांत, डॉक्टरांच्या नजरेखालीं, गोळीची मात्रा चढवीत व इन्सुलिनची उतरवीतच करावा लागतो.